दोन पेनांशेजारची बाटली

टोकरखाड्यातल्या आमच्या कॉलनीत संध्याकाळी बॅडमिंटन रंगायचं. मी कारखान्यातून परतायचो तेव्हा बायको ओढणी कमरेला खोचून कोर्टावर उतरलेली असायची. ती इथल्या सरकारी शाळेत शिक्षिका. तिने हात उगारला की समोरचा आपोआप मागे सरकायचा. बहुतेक वेळा समोर मीच असायचो.

मग तिचा उजवा खांदा धरला. मधुमेह आधीपासून होताच, इन्सुलिनचं पेन ती स्वतःच टोचून घ्यायची. खांद्याचं मात्र काही चालेना. हात कानापर्यंत जाईना, फळ्यावर वरच्या ओळी लिहिता येईनात. वेणी मी घालायला लागलो. ती वाकडी यायची. आरशात बघून ती म्हणायची, "असू दे. मुलं काही बोलत नाहीत."

डॉक्टर मॅडमनी साखर आणि वजनासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं दुसरं इंजेक्शन सुरू केलं, तेही पेनच. त्याच दिवशी इन्सुलिन थोडं कमी केलं. दोन्ही मिळून साखर एकदम खाली जाऊ शकते, रोज तपासत राहा, असं बजावलं.

ते अंगवळणी पडतंय तोवर वरच्या मजल्यावरचा इंजिनियर एक छोटी बाटली घेऊन आला. व्यायामशाळेतल्या कुणीतरी त्याला ऑनलाइन मागवून दिली होती.

"वहिनी, हे पेप्टाइड आहे. माझा गुडघा ह्याच्यानेच बराबर झाला. तुमचं इन्सुलिन पण पेप्टाइडच, ते आठवड्याचं पण पेप्टाइडच. एकाच सिरिंजमध्ये घेतलं तरी चालतं, टेन्शन नको."

तिने बाटली फ्रिजमध्ये दोन पेनांशेजारी ठेवली. दूध काढताना तिची नजर तिथेच रेंगाळायची. माझीही. कोर्टावरची ती मला परत हवी होती.

एका सकाळी ती म्हणाली, "अहो, घेऊन बघू का?"

"आधी मॅडमना विचारू."

"त्या नाहीच म्हणतील."

"म्हणू देत. पण विचारू."

दवाखान्यात मॅडमनी बाटली उजेडात धरून पाहिली. "यात नक्की काय आहे, हे मी सांगू शकत नाही. लेबल लावणारा तरी सांगू शकेल की नाही, देव जाणे. पेप्टाइड हे कुळाचं नाव झालं. एका कुळातली माणसं सारखी वागतात का? तुमच्या दोन औषधांबरोबर हे कसं वागेल, कुणी तपासलेलं नाही. आणि एका सिरिंजमध्ये तर काहीच मिसळायचं नाही. नवं औषध एका वेळी एकच, तेही मला सांगून. नाहीतर त्रास झाला तर कशाने झाला, ते कळायचं कसं?"

बायको म्हणाली, "मॅडम, मला फक्त हात वर करायचाय हो."

मॅडमनी तिचा हात धरून हळूच वर नेऊन पाहिला. मग म्हणाल्या, "होईल. पण व्यायामाने, आणि सावकाश. वर्षसुद्धा लागेल."

बाटली तिने तिथेच देऊन टाकली. गाडीत बसल्यावर रडली. मी गाडी सुरू न करता तसाच बसून राहिलो.

वर्षाहून जास्तच लागलं. ती भिंतीवर बोटं चालवत, दात आवळून हात वर चढवायची. साखर ताब्यात आली, तसा खांदाही सैलावत गेला. एके दिवशी वरच्या फळीवरचा डबा तिने स्वतः काढला आणि स्वयंपाकघरातूनच मला ओरडून बोलावलं.

त्या वर्षी उन्हाळ्यात तिची बदली आमच्याच केंद्रशासित प्रदेशातल्या, पण लांबच्या दीवला झाली. माझी नोकरी इथेच. बसने जायचं तर प्रवास संपता संपत नाही. फोनवर ती समुद्राचं सांगते, नव्या वर्गाचं सांगते. माझ्याशिवाय तिचं तिथे नीट चाललंय. तेच तर मला हवं होतं.

दिवाळीत गेलो तेव्हा ती स्टँडवर घ्यायला आली होती. केस तिने स्वतः विंचरले होते, वेणी अगदी सरळ होती. मी बघत राहिलो.

"काय हो, काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही," म्हटलं आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.