रांगेचं टोक
आज चर्चमध्ये शिरताच उकळलेल्या मनुकांचा वास आला आणि आई आठवली. प्रभुभोजनाचा रस ती घरी करी आणि आमची धुळ्याची सगळी मंडळी एकाच प्याल्यातून पीत. एका रविवारी पिंपळनेरकडची, नुकताच बाप्तिस्मा घेतलेली भिल्ल बाई रांगेत आईच्या आधी बसली होती. ती प्यायली आणि प्याला हाती येताच आईने पदराने त्याची कड पुसली. पुढची पाळी माझी होती. मला हायसं वाटलं. बाईने ते पाहिलं. पुढच्या खेपेला ती रांगेच्या अगदी टोकाला जाऊन बसली. आई म्हणाली, "अगं, इकडे ये ना." ती हसून म्हणाली, "ऱ्हाऊ दे अक्का, मी बठ्ठास्ना मांगे, शेवटले पिसू. मंग तुमले पुसानी गरज नही." आईचा चेहरा उतरला. ती उठून बाईच्याही पलीकडे बसली, ती कायमचीच. "तूही ये," तिने मला हाक मारली. मी ऐकलंच नाही असं दाखवलं. परवा आईला माती दिली. आज प्याला फिरताना, आता म्हातारी झालेल्या त्या बाईने पलीकडच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी रांगेच्या मधेच बसून राहिले.