सतरावं पान

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. अख्ख्या अकोल्यात माझ्या साडभाऊंइतका रागीट माणूस नाही, आणि गेली चार वर्षं हा माणूस भलत्याच लोकांवर ओरडतो आहे. ज्याच्यावर ओरडायला हवं, तो दर दिवाळीला त्यांच्याच घरी जाऊन निमूट चिवडा खातो. तो मी.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पाटबंधारे खात्यात आरेखक होते. धरणांचे नकाशे काढण्यात हयात गेली, पण जीव अडकला तो लहानपणी वाचलेल्या एका चित्रकथेत. अमरावतीहून मुलांचं एक मासिक निघायचं, त्यात ‘तारवाला’ नावाची गोष्ट यायची, चोवीस पानांची. मासिक बंद पडलं, छापखाना विकला गेला, चित्रकार मोर्शीला जाऊन वारला. साडभाऊंना मात्र त्या गोष्टीची मूळ पानं हवी होती. छापलेली नव्हे, चित्रकाराने स्वतः जाड कागदावर दौत-टाकाने काढलेली, निळ्या पेन्सिलीच्या रेघांची, पांढऱ्या रंगाने चुका झाकलेली, जिथे हात बिघडला तिथे नवी चिठ्ठी चिकटवलेली. छापून झाल्यावर ही पानं छापखान्यातून कुणीही उचलून न्यायचं, आणि याचाच साडभाऊंना पहिला राग. “बायकोचं मंगळसूत्र रद्दीत टाकलं असतं का रे त्यायनं?” असं ते मला विचारत, जणू मीच टाकलं होतं.

भातकुलीपासून पातूरपर्यंत एक रद्दीवाला त्यांनी सोडला नाही. बारावं पान एका न्हाव्याच्या दुकानात देवाच्या तसबिरीमागे पुठ्ठा म्हणून लावलेलं सापडलं. त्यांनी देवासकट विकत घेतलं, पान काढलं, आणि देव माझ्या मेव्हणीच्या हवाली केला. नववं पान पातूरच्या एका शिंप्याकडे होतं. त्याने त्याचा ब्लाउजचा फर्मा कापलेला. साडभाऊ दुकानातच ओरडू लागले, तेव्हा शिंपी शांतपणे म्हणाला, “साहेब, बत्तीसचा फर्मा हाय तो. तुमी नेला तर मी काम कायवर करू?” त्यावर हे तिथेच मांडी घालून बसले आणि त्याला पुठ्ठ्यावर नवा फर्मा आखून दिला, पाटबंधारे खात्याच्या शिस्तीत. शिंपी आजही म्हणतो की तसा गळा पुन्हा बसला नाही. नवव्या पानाला मात्र भिंतीवरही गळा आहे.

अशी तेवीस पानं जमली. राहिलं सतरावं. छापताना त्या पानाच्या ठशात चौथी चौकट शाईने बुजली होती, सगळ्या प्रतींत तिथे काळा डागच. तारवाला एक तार घेऊन निघतो, पत्ता वाचतो, तर तो त्याच्याच घराचा. उंबऱ्यात उभा राहून तो तार फोडतो, आणि पुढे डाग. अठराव्या पानावर स्वारी पुन्हा सायकलवर. तार वाचताना तारवाल्याचा चेहरा कसा होता, हे दहा वर्षांच्या पोराला कळलं नाही आणि साठीच्या म्हाताऱ्यालाही कळलं नाही.

ते पान मोर्शीला चित्रकाराच्या बायकोकडे होतं. साडभाऊ गेले. बाईंनी ट्रंक उघडली. वास आला आणि हे किंचाळले, “डांबरगोळ्या! कागदाजवळ डांबरगोळ्या! अकला आहेत का नाही?” बाईंनी ट्रंक बंद केली. चहा न घेताच स्वारी परत.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. प्रात्यक्षिक परीक्षेच्या कामाला मोर्शीला गेलो, तेव्हा धीर करून बाईंकडे डोकावलो आणि साडभाऊंच्या नात्यातला म्हणून ओळख दिली. त्यांनी ते पान सरळ माझ्या हातात ठेवलं. “रागावले ते चित्रापायीच न जी. न्या, त्यायलेच द्या.”

घरी आणून पाहिलं, तर पान मळकट. माझं आयुष्य काचपट्ट्या पुसण्यात गेलेलं. वाटलं, स्वच्छ करून द्यावं, साडभाऊ एकदा तरी माझ्यावर खूश होतील. रबराने निळ्या रेघा खोडल्या. मग चौथ्या चौकटीत एक पिवळा डाग दिसला, त्यावर स्पिरिटचा बोळा फिरवला. ती चित्रकाराने चिकटवलेली चिठ्ठी होती. चेहरा तिच्यावरच होता. डिंक सुटला, शाई पसरली, चिठ्ठीचा लगदा माझ्या कापसाला लागून आला. खाली कोरा कागद.

मला माझा संताप येतो तो यासाठी नाही. चूक कुणाच्याही हातून होते. संताप याचा की अर्धा तास तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता, तो दिसावा म्हणून एक माणूस जन्मभर तडफडला, आणि मला तिथे फक्त डाग दिसला. तारवाला हसत होता की रडत होता, मी सांगू शकत नाही. मी पाहिलंच नाही.

आणि नंतर जे केलं, ती तर चूकही नव्हे. साडभाऊंना सांगितलं, “बाई द्यायला तयार नाहीत.” त्यांनी तिथल्या तिथे मोर्शीला फोन लावला. “दगड हाय तुमच्या छातीत, दगड!” असं ओरडले आणि उत्तर न ऐकता फोन ठेवला. कुणाचं ऐकून घ्यायची सवयच नाही त्यांना. मी त्या सवयीच्याच भरवशावर खोटं बोललो होतो. संध्याकाळी बाईंचा मला फोन. “त्यायले पान आवडलं नाई का जी?”

मी म्हणालो, “आवडलं. त्यांचा स्वभावच तसा आहे.”

गेल्या दिवाळीला साडभाऊ माझ्या शेजारी येऊन बसले. अलीकडे आवाज उतरला आहे. शिव्या निम्म्यावर सोडून देतात, पुढची आठवत नाही म्हणतात. चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसले. मग म्हणाले, “मोर्शीच्या बाईले मी लय बोललो न गा. तिच्या नवऱ्याची वस्तू, तिनं कावून द्यावं मले? चालतं का एकदा संगं? माफी मागून येऊ.”

या माणसाने जन्मात कुणाची माफी मागितलेली नाही. मी म्हणालो, “पाहू, कॉलेजला सुटी लागली की.” सुटी लागली आणि संपलीही.

पान माझ्या कपाटात आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. ते बिघडलेलं पान मी साडभाऊंना द्यायचं आहे, आणि ते कुणी बिघडवलं तेही सांगायचं आहे. मोर्शीच्या बाईंची माफी मी मागायची आहे, साडभाऊंनी नाही. यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.