घोट्याखालचा सांधा आणि घरातला बूट

"सांधा झिजलाय. आता गोळ्यांनी भागणार नाही," एमआरआयवर बोट ठेवून डॉक्टर म्हणाले. घोटा नव्हे, त्याच्या खालचा सांधा. सबटेलर जॉइंट. टाच आत-बाहेर कलते ती याच्यामुळे. खडबडीत जमिनीवर पाय सावरतो तोही याच्याच जोरावर.

आणि माझं पोटच खडबडीत जमिनीवर चालतं. अंधेरीला एका बांधकामावर मी साइट इंजिनियर आहे. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली, हे मी कुणालाही ऐकवते. पाय मुरगळला तेव्हा क्रेप बँडेज बांधून कामावर गेले. पुढे कित्येक वर्षं टाचदुखी समजून मऊ चपला बदलत बसले. तुमचं दुखणं घोट्याच्या खाली, बाजूला असेल, उतरणीवर वाढत असेल, तर तसं करू नका. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

माझ्या डॉक्टरांनी आर्थ्रोस्कोपिक फ्युजन सुचवलं. म्हणजे मोठी चीर न देता टाचेमागे बारीक भोकं पाडायची, दुर्बीण घालून उरलेली कूर्चा खरवडायची आणि दोन्ही हाडं स्क्रूने आवळायची. ती जुळून एक झाली की दुखणं थांबतं.

"पण टाच कलणार नाही, हे कायमचं. आणि हाड जुळलंच नाही, तर साइट विसरा."

घाटकोपरच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. कमरेत इंजेक्शन देऊन पालथं झोपवलं होतं. ड्रिल सुरू झालं तेव्हा मी विचारलं, "काँक्रीटचं नाही ना वापरत?" भूल देणाऱ्या मॅडम हसल्या. आवाज रोजचा, त्यामुळे भीतीच गेली.

सुरुवातीला पाय टेकायचाच नव्हता. मग गुडघ्यापर्यंतचा वॉकिंग बूट मिळाला. बुटाशिवाय एक पाऊल नाही, घरातसुद्धा नाही, अशी ताकीद.

आमच्याकडे चपला दाराबाहेर. सकाळी बुद्धमूर्तीपुढे वंदना. तिथे बूट घालून कशी जाणार? मी तो काढायचे आणि भिंत धरून मूर्तीपर्यंत जायचे. एवढ्याशाने काय होतंय, असं वाटायचं.

पुढच्या एक्स-रेला डॉक्टरांचा चेहरा बदलला. "हाड फार हळू जुळतंय. बूट काढता का?"

मी खरं ते सांगितलं.

"वंदना करा की. बूट घालून करा. नाहीतर पुन्हा ऑपरेशन."

आई शेजारीच होती. घरी आल्यावर तिने बुटाचा तळ ओल्या फडक्याने खसाखसा पुसला.

"चल मूर्तीपुढे."

"अगं आई, बूट?"

"बूट कसला? प्लास्टर असतं तर काय कापून आली असतीस वंदनेला? शिकलीस एवढी, एवढं कळेना तुला?"

त्यानंतर ती रोज सकाळी तळ पुसायची, मी रोज बूट घालून तशीच उभी राहायचे. सीटी स्कॅनच्या दिवशी बाकावर दोघी बसलो होतो. आत बोलावल्यावर डॉक्टर एवढंच म्हणाले, "जुळलं." मी दोनदा विचारून घेतलं.

म्हणून सांगते, तुमच्या घरात कसं वावरतात, तेही डॉक्टरांना आधीच सांगा.

आता साइटवर आहे. दुखत नाही. सपाट जमिनीवर कुणाला कळतही नाही, पण राबिटाच्या, म्हणजे फुटक्या विटा-काँक्रीटच्या, ढिगावरून उतरताना टाच अडते. परवा सुपरवायझरने खालून विचारलं, "मॅडम, हात देऊ?" पूर्वी मी त्याला झापलं असतं.

"दे ना, विचारतोस काय," मी म्हटलं आणि उतरले.