पाण्याचं वजन

वजनकाट्यावर चढली की ती आकड्याकडं कधीच बघायची नाही. पदर खोचून माझ्याकडं बघायची आणि विचारायची, "बोल पोरी, किती भरले?"

केदारखेड्याकडची मेंढरंवाली म्हातारी. सत्तरी ओलांडलेली, आतड्याचा कॅन्सर. जालन्यातल्या आमच्या दवाखान्यात रुग्णांनी काय खावं हे सांगायचं काम माझं. सर्जनसाहेबांनी तिला बजावलं होतं, अंगात ताकद नसताना ऑपरेशन केलं तर जखम भरणार नाही; तीन आठवड्यांत वजन वाढवून या.

मुलगा मला हळूच म्हणाला, "मॅडम, राहू द्या आता. वय झालं तिचं."

म्हातारीचे कान तिखट. "वय माझं झालं, तू कामून थकून राह्यला?"

पुढच्या खेपेला वजन चक्क दीड किलो वाढलेलं. मी खूश. पण काट्यावरून उतरताच बाई संडासाकडं पळाली, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दरडावून विचारलं, तर बेधडक म्हणाली, "मीठ चाटलं, दोन तांबे पाणी पेले. बाजारात बोकड असंच तर भरवतेत."

मला हसू आवरेना, आणि रागही आला. "आजी, बोकड विकायचा असतो. तुम्हाला जगायचंय. पाण्यानं जखम भरत नाही."

घरी काय खाता, हे मी खोदून विचारलं. मग घरातलं सगळं बाहेर आलं. तुम्हीही अशी घरं पाहिली असतील. पोटाचं दुखणं म्हणून सून मायेनंच पातळ पेज द्यायची, तीही मुलं-नातवंडं जेवून उठल्यावर. जन्मभर म्हातारी सगळ्यांच्या शेवटी जेवत आली होती. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, तिला स्वतःलाही नाही.

त्या दिवशी घरी जाऊन ती चुलीपुढं ठाण मांडून बसली. "आप्रेशन हुईस्तोर पयलं ताट माझं. बिलकुल!"

अंडी, घट्ट वरण, दही, शेंगदाणे. थोडं थोडं, पण दिवसातून सहादा. तिची जाऊ म्हणाली, म्हातारपणी कसली ही हाव. हिनं तिच्यासमोरच दुसरं अंडं सोललं.

तीन आठवड्यांची मुदत संपताना खरं वजन भरलं. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी ती भिंत धरून चालली, आणि जखमही वेळेत भरली. मला ती फार आवडायची, हे सांगून टाकते.

दीड वर्षानं रोग उलटला आणि ती गेली. मुलाचा फोन आला तेव्हा शेजारी उभी असलेली आमची नर्स हळहळली, "एवढं करून मिळालं काय?"

"दीड वर्ष मिळालं," मी तिच्यावर खेकसलेच. "त्यात ती मेंढरांमागं फिरली, नातीच्या लग्नात नाचली. अजून काय मिळायला हवं?"

डोळे पुसून बाहेर आले. काट्यावर एक वाळलेले आजोबा उभे होते, सोबत मुलगा आणि सून. मी फाइल उघडलीच नाही. आधी त्या दोघांना विचारलं, "घरी सगळ्यांत आधी कोण जेवतं?"