सहाव्या पाकळीवरचा बेदाणा

ब्लाझेनामावशीच्या हातच्या कोलाचवर आमचं गाव जीव टाकायचं आणि तिच्या जिभेपुढे चळचळा कापायचं. दोन्ही एकाच बाईत, त्याला कोण काय करणार? मी वेंदुला. चर्चसमोरचं किराणा दुकान माझं, आणि मावशीचं घर दुकानाला लागून. त्यामुळे भट्टीतून कोलाच निघाल्याचा वास पहिला मला यायचा आणि शिव्याही पहिल्या मीच खायचे.

कोलाच आमच्याकडे कुणीही भाजेल. खमीर आलेल्या गोड पिठाची थाळीएवढी गोल चकती, वर चक्का पसरायचा, आणि त्या पांढऱ्या चक्क्यावर खसखशीची आणि आलुबुखारच्या आटवलेल्या गराची नक्षी काढायची. खरी गोष्ट ती नक्षीच. ती ज्या त्या घरची असते, आईकडून लेकीकडे येते. लांब टेबलावर वीस कोलाच मांडा, कुठला कुणाचा ते आमच्या बायका दारातूनच सांगतील. मावशीची नक्षी म्हणजे मधोमध आठ पाकळ्यांचं फूल आणि भोवती साखळी. कागदाच्या कोनातून गर सोडायला लागली की फूल पुरं होईपर्यंत हात उचलायची नाही. वर बदाम नाही, बेदाणा नाही, काही नाही.

बेदाण्यावर तर तिचा खास राग. रेघ वाकडी गेली, गर ओघळला, की बायका तिथे हळूच एक बेदाणा ठेवून देतात. सगळ्याच ठेवतात, मीसुद्धा ठेवते. मावशीच्या नजरेतून मात्र ते सुटायचं नाही. यायची, बोट रोखायची आणि चारचौघींत विचारायची, "काय गं, हा बेदाणा कशावर झाकण म्हणून?"

हे सगळ्यात जास्त ऐकून घेतलं ते हेडविकाने. हेडविका तिच्याच वयाची, शाळेत एका बाकावर बसणारी, गिरणीजवळ राहणारी. बिचारीचा हात पहिल्यापासूनच जड, त्यामुळे तिच्या कोलाचवर बेदाण्यांची गर्दी. एकदा चर्चच्या जत्रेत, पाद्रीबाबांच्या देखत मावशी म्हणाली, "हेडविका, यंदा झाकणं बरीच लागली म्हणायची!" सगळे हसले. हेडविकाने आपले कोलाच टोपलीत भरले आणि ती मुकाट्याने घरी गेली. मीही हसले होते, खोटं कशाला बोलू?

तर तीन वर्षांपूर्वीच्या वसंतात प्लझेनहून राडाना नावाची एक चित्रकार मुलगी माझ्या दुकानात आली. प्रत्येक मुलखाच्या पक्वान्नाचं जलरंगात चित्र काढायचं, त्याच्या प्रती छापायच्या आणि विकायच्या, असं तिचं चाललं होतं. आमच्या भागाचा कोलाच तिला हवा होता. मी तिला थेट मावशीच्या स्वयंपाकघरात नेऊन उभी केली.

"चित्र कसलं काढतेस? खा आणि चालू लाग," मावशी म्हणाली.

"नाही म्हणतेस तर राहू दे," मी म्हटलं. "हेडविकाकडे नेते हिला."

"कुणाकडे?" मावशीने लगेच पीठ काढलं.

तीन कोलाच केले तिने. राडाना कोपऱ्यात बसून पेन्सिलीने रेखाटत होती, मी खसखस ढवळत होते. पहिला झाला, दुसरा झाला. तिसऱ्याला मावशीने पाच पाकळ्या सरळ काढल्या आणि सहाव्या पाकळीला तिचा हात उडाला. गराची रेघ पाकळी ओलांडून पार साखळीपर्यंत गेली. मावशी कोनाकडे बघतच राहिली, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. राडाना तेवढ्यात ब्रशचं पाणी बदलायला मोरीकडे गेली होती. मावशीने सुरीने रेघ खरवडली. डाग राहिलाच. मग तिने फळीवरची बरणी काढली, एक बेदाणा घेतला आणि त्या डागावर दाबला. मावशीने! बेदाणा! माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

"बघतेस काय अशी? डोळे मीट," ती माझ्यावर फिसकारली.

कोलाच भाजून निघाले. दोन अगदी निर्दोष, तिसरा मावशीने सरकवत सरकवत खिडकीच्या पडद्यामागे नेला. पण चित्रकाराची नजर ती! राडाना तिन्हींभोवती फिरली आणि तिसऱ्यापाशी थांबली.

"मला हाच हवा. ते दोन नुसते सुंदर आहेत. ह्याच्यात काहीतरी आहे. एकच बेदाणा, तोही मधे नाही, बाजूला! मुद्दाम ठेवलात ना?"

मावशीने माझ्याकडे पाहिलं. "मग काय, उगाच ठेवीन?" ती म्हणाली.

तिथेच सगळं बिघडलं. एक वाक्य, पण ते आता परत घेता येत नव्हतं.

चित्र झालं मात्र देखणं, ते म्हणायलाच हवं. चक्क्याचा पिवळट पांढरा रंग, गराचा जांभळा, कडेला भाजल्याचा तांबूसपणा, आणि सहाव्या पाकळीवर तो बेदाणा, त्यावर उजेडाचा ठिपकासुद्धा. ऑगस्टमध्ये जवळच्या दोमाझलित्से शहराच्या जत्रेत त्याच्या प्रती आल्या आणि गावातल्या प्रत्येक घराने एकेक नेली. माझ्या दुकानात गल्ल्यामागे लावली, मुख्याध्यापकांनी शाळेत लावली. खाली बारीक अक्षरांत मावशीचं नाव होतं. मावशीने तिची प्रत कपाटामागे, भिंतीकडे तोंड करून ठेवली.

आणि मग कहर झाला. पुढच्या चर्चच्या जत्रेत टेबलावर कोलाच मांडले, बघते तर काय, हेडविकाच्या कोलाचवरचे सगळे बेदाणे गायब! फक्त एक उरलेला, एका बाजूला. तिचं पाहून दुसरीने ठेवला, तिसरीने ठेवला. वर्षभरात अर्ध्या गावाच्या कोलाचवर एकुलता एक बेदाणा दिसायला लागला. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना कुणी सांगे, घरापासून दूर गेलेल्या लेकीसाठी तो ठेवतात. कुणी म्हणे, सहाव्या दिवशी देवाने माणूस घडवला त्याची ती खूण. मुख्याध्यापकांनी तर त्यावर गावच्या पत्रकात पानभर लिहिलं. मी गल्ल्यामागे उभी राहून ते वाचलं आणि हसू की रडू, मला कळेना.

मावशीला मात्र ते सोसवेना. जन्मभर दुसऱ्यांच्या बेदाण्यांवर बोट ठेवलं, आणि आता तिचा स्वतःचा बेदाणा छापून घरोघरी टांगलेला! तिने जत्रेला येणं सोडलं. लोकांना वाटलं, नाव झालं तशी बाई शिष्ट झाली. खरं काय ते मलाच ठाऊक. हात आता पेला धरतानाही थरथरायचा. डॉक्टरने त्याला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं, ते ती सांगायची नाही.

गेल्या उन्हाळ्यात अपोलेनाचं लग्न ठरलं. अपोलेना म्हणजे मावशीची नात. आईबाप गेल्यावर तिला मावशीनेच वाढवली. पोरगी प्लझेनला ट्राम चालवते. हात असा भक्कम की बघत राहावं, पण कोन कधी धरला नाही आणि मावशीनेही कधी तिच्या हातात दिला नाही. "आहे मी अजून," म्हणायची.

लग्नाच्या आठवड्यात नवरीच्या घरून आमंत्रणाच्या प्रत्येक घरी एकेक कोलाच जायचा, ही आमची रीत. त्यावर नवरीच्या घरची नक्षी हवी. दुकानातून आणलेला कोलाच दारात आला तर लोक घेतील, आभारही मानतील, आणि दार लावल्यावर म्हणतील, पोरीला घरचं कुणी उरलं नाही वाटतं. साठ घरं होती.

"आजी, तुझीच नक्षी हां," अपोलेना फोनवर म्हणाली. "दुसरं मला काही नको."

"तर तर! दुसरी कुणाची असणार?" मावशीने फोन ठेवला आणि ती माझ्याकडे आली, पाठच्या दाराने.

माझ्या ओट्यावर आम्ही जुन्या ताटात चक्का पसरला आणि तिने कोन धरला. पहिलीच पाकळी फाटली. पुन्हा पुसलं, पुन्हा काढली. उजव्या हाताने डावा धरून पाहिला, डाव्याने उजवा. पाच वेळा पुसून झाल्यावर तिने कोन खाली ठेवला आणि ॲप्रनमध्ये तोंड घालून रडली. पन्नास वर्षांत मी तिला कधी रडताना पाहिली नव्हती. मला इतकं गलबलून आलं की मीही शेजारी बसून रडले.

मग मी नाक पुसलं. "मावशी, बायकांना बोलावू. समोर चित्र टांगू, त्यावरून काढतील."

"त्या चित्रावरून? म्हणजे माझी चूक साठ घरांत वाटायची? माझ्या पोरीच्या लग्नात?"

"मग सांग की खरं काय ते."

"कुणाला? हेडविकाला?" ती ताडकन उठली. "त्यापेक्षा मी मरेन!"

"मर खुशाल, पण मग साठ कोलाच कोण काढणार?" मी चिडून म्हटलं. ती तशीच निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आली, पावाची लादी घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बोलाव."

गुरुवारी गावच्या सभागृहात भट्टी पेटली. सकाळपासून सात बायका जमल्या. हेडविका सगळ्यांच्या आधी हजर, काखेत चित्राची चौकट. तिने ती खिडकीशेजारी खिळ्याला टांगली आणि बाह्या सरसावल्या. मावशीला आम्ही टेबलाच्या टोकाशी खुर्चीत बसवलं. अपोलेना पीठ लाटत होती.

मी हेडविकाच्या हाताकडे बघत होते. जड हाताची हेडविका! एका दमात आठ पाकळ्या, हात न उचलता, मग साखळी. दोन वर्षं ती घरी हेच काढत बसली होती, हे मला नंतर तिच्या सुनेकडून कळलं. मावशी डोळे बारीक करून बघत होती.

साठही चकत्यांवर नक्षी झाली. हेडविकाने बेदाण्यांचा वाडगा पुढे ओढला आणि पहिला बेदाणा उचलला.

"थांब," मावशी म्हणाली.

सगळ्या थांबल्या. मावशी टेबलाला धरून उभी राहिली. "तो नको. तो नक्षीतला नाहीच. त्या दिवशी माझा हात उडाला, डाग पडला, म्हणून मी झाकला. चित्रवालीने विचारलं तर मी खोटं बोलले. झालं? आता हसा."

कुणी हसलं नाही. लाटणं पुसणारा अपोलेनाचा हात थांबला. हेडविकाने हातातला बेदाणा वाडग्यात परत टाकला.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"जत्रेत चित्र टांगलेलं पाहिलं तेव्हापासून. अगं, बेदाण्याखाली काय असतं हे माझ्याइतकं कुणाला कळणार? पन्नास वर्षं तूच शिकवलंस की!"

मावशी खुर्चीत बसली. "मग तू का ठेवायला लागलीस?" तिने विचारलं.

हेडविका ॲप्रनला हात पुसत राहिली. हात स्वच्छ होते तरी पुसत राहिली. "तुझ्या एकटीचाच दिसला असता, ब्लाझेना. कुणीतरी बोट रोखलंच असतं. सगळ्यांनी ठेवला म्हणजे ती नक्षी होते. मी ह्या सगळ्यांना म्हटलं, ठेवा गं तुम्हीपण."

मी एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. सहाही जणी खाली बघत होत्या. म्हणजे दोन वर्षं मी एकटीच हे गुपित पोटात घेऊन हिंडत होते असं मला वाटत होतं, आणि ह्या सगळ्यांना ते ठाऊक होतं! एरवी असल्या गोष्टीवरून मी भांडले असते.

मावशीने हात पुढे केला. थरथरत होता, तिने तो लपवला नाही.

"वाडगा दे इकडे," ती म्हणाली. "रेघ नाही काढता येत मला. बेदाणा येतो ठेवता."

हेडविकाने वाडगा धरला आणि दोघी टेबलाच्या कडेने निघाल्या. मावशी बेदाणा उचलायची, हात हवेत डुलायचा, आणि पडेल तिथे दाबायची. कधी सहाव्या पाकळीवर, कधी पाचव्या, कधी साखळीत. बारा-पंधरा झाल्यावर हेडविका थांबली. तिने टेबलावर बोट रोखलं.

"काय गं ब्लाझेना, हा बेदाणा कशावर झाकण म्हणून?"

मावशीने तिच्याकडे पाहिलं. "माझ्या जिभेवर," ती म्हणाली, आणि अशी हसली की हातातला बेदाणा खाली पडला. हेडविकाने तो उचलला, फुंकर मारली आणि तिच्या तळव्यावर ठेवला.

शनिवारी अपोलेना स्वतः टोपली घेऊन माझ्या दारात आली. आमच्या वाट्याच्या कोलाचवर बेदाणा फूल सोडून थेट कडेला जाऊन बसला होता. मी घरात सगळ्यांना बजावलं की बाकीचा खा, बेदाण्याच्या तुकड्याला कुणी हात लावायचा नाही. तो मी खाल्ला.