सीझनमधली रजा

आमच्या आंब्याच्या पल्पच्या कारखान्यात नव्या व्यवस्थापक मॅडम आल्या त्या रंगीत टिकल्यांची चार पाकिटं घेऊनच. लाल, पिवळी, निळी, हिरवी. पुण्यात कुठल्याशा प्रशिक्षणात त्या शिकल्या होत्या की माणसं चार स्वभावांची असतात आणि प्रत्येकाशी त्याच्या स्वभावाप्रमाणे बोललं की काम सोपं होतं. लाल म्हणजे झटपट निर्णय घेणारे, पिवळे गप्पिष्ट, निळे मुद्देसूद, हिरवे शांत आणि समजूतदार. काही दिवस सगळ्यांचं निरीक्षण करून त्यांनी एकेकाच्या कपाटावर टिकली चिकटवली. माझ्या कपाटावर लाल आली. मला ते पटलं.

आंबे धुण्याच्या हौदावर काम करणाऱ्या मावशींना मात्र पटलं नाही. "मला हिरवी कशाला? मी काय कैरी आहे?" असं म्हणून त्यांनी ती काढली आणि वजनकाट्याला लावली.

मला मूळ कल्पना आवडली होती, कारण ऑफिस सांभाळताना मी स्वतः हेच करत आले आहे, फक्त टिकल्यांशिवाय. माझ्या डायरीच्या शेवटच्या पानावर यादीच असते. मावशींशी हातमोज्यांबद्दल बोलायचं तर आधी नातवाची चौकशी करायची. इलेक्ट्रिशियनला फोन करायचा नाही, त्याच्या दुकानात जाऊन उभं राहायचं. मुंबईच्या मालकांना मेसेज एका ओळीत, तोही त्यांचं जेवण झाल्यावर. बॉयलरवाल्याला सूचना द्यायची नाही, सल्ला विचारायचा. आपल्याला जे हवं असतं तेच तो सांगतो, आणि मग मन लावून करतो.

चाचांना मॅडमनी निळी टिकली दिली होती. चाचा आमच्या टेम्पोचे ड्रायव्हर. मूळचे दाभोळचे, पावस गावाकडच्या बागांमधून आंबा आणण्याचं काम त्यांचं. मोजकं बोलतात, पावत्या नीट लावून देतात, म्हणून मुद्देसूद. माझ्या मते चाचांचा रंग त्या पाकिटांत नव्हताच. त्यांना काही हवं असलं की तेवढं सोडून बाकी सगळ्याबद्दल ते बोलतात.

ऐन सीझनमध्ये एक दिवस ते डिझेलची पावती द्यायला आले आणि चक्क खुर्चीवर बसले. उन्हाबद्दल बोलले. फेरीबोटीच्या गर्दीबद्दल बोलले. मग म्हणाले, आखातातल्या पोरांना हल्ली सुट्टी अगदीच कमी मिळते. मी पेन खाली ठेवलं. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं तो मुलगा दोह्याहून आला होता. रविवारी दाभोळला साखरपुडा. त्यानंतर लगेच तो परत जाणार, म्हणजे तारीख हलवायला जागा नाही.

"छान. तुम्ही कधी निघताय?" मी विचारलं.

"बघू. सीझन आहे," म्हणून ते उठले.

आमच्याकडे आंब्याच्या सीझनमध्ये कोणी रजा मागत नाही. असा काही नियम नाही. वर्षाचं काम दोन महिन्यांत उरकायचं असतं, तेव्हा मागणं म्हणजे आपलं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर देणं. म्हणून रजा मागायची नसते, ती समोरच्याने द्यायची असते. आधीचे व्यवस्थापक इथलेच होते. कोणाकडे कार्य आहे असं कानावर आलं की ते दरडावायचे, उद्या इथे दिसलात तर बघा. माणूस कुरकुरत घरी जायचा आणि खूश असायचा.

मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, अवश्य जावं त्यांनी, फक्त कळवावं. ज्याला रजा हवी त्याने संकोच न करता सांगावं, असं त्यांनी ग्रुपवर टाकलंच होतं. मी म्हटलं, ते सांगणार नाहीत. "मग मीच विचारते," म्हणून त्या तडक शेडमध्ये गेल्या आणि सगळ्यांसमोर, अगदी मनापासून विचारलं, "चाचा, तुम्हाला रविवारी रजा हवी आहे का?"

क्रेट उतरवणारे हात थांबले. सगळे चाचांकडे बघायला लागले.

"नको, मॅडम. सीझन आहे."

मॅडम निर्धास्त होऊन परत आल्या. स्पष्ट विचारलं होतं, स्पष्ट उत्तर मिळालं होतं.

संध्याकाळी मी घरी निघाले तेव्हा चाचा टेम्पोच्या आडोशाला फोनवर होते. आपल्या जागी थोरल्या भावाला बसवा, असं घरी सांगत होते. "बाप नसला म्हणून साखरपुडा अडतो काय?" फोन ठेवून ते काच पुसायला लागले. काच स्वच्छ होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमच्या टेबलापाशी जाऊन म्हटलं, "चाचा मुलीच्या साखरपुड्याला जाणार नाहीत, आणि ते आपल्यामुळे."

त्यांचा चेहरा उतरला. "पण ते नको म्हणाले ना?"

सगळ्यांसमोर दुसरं काय म्हणणार होते, मी म्हटलं. विचारू नका, ठरवून टाका. त्यावर त्यांनी विचारलं, नुसतं जा म्हटलं आणि त्यांना वाटलं की आपल्यावाचून इथे काही अडत नाही, तर? याचं उत्तर माझ्या यादीत नव्हतं. आधीच्या साहेबांचा दरडावणीचा आवाजही मॅडमकडे नव्हता.

थोड्या वेळाने त्या टेम्पोकडे निघाल्या. मी गेटपासचं निमित्त काढून मागोमाग. त्या उन्हाबद्दल बोलल्या. रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "चाचा, मी तुमच्यावर रागावलेय."

"का बरं?"

"घरात कार्य आहे आणि आम्हाला आमंत्रण नाही. मला नाही, या ऑफिसातल्या ताईंना नाही, मावशींना नाही. रविवारी आम्ही तिघी येतोय. दारात तुम्ही दिसला नाहीत तर न जेवता मागे फिरू."

चाचांनी वाकून टायरची हवा दाबून पाहिली. मग म्हणाले, "दोनदा बोटीत बसावं लागतं, मॅडम. पुण्याच्या माणसाला झेपेल काय?"

चाचांनी चिडवलं म्हणजे काम झालं. चिडवण्याइतकं आपलं ते सहजी कोणाला मानत नाहीत.

"आणि टेम्पो?" त्यांनी विचारलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. बंदरावर मासळीची गाडी चालवणारा एक ड्रायव्हर माझ्या ओळखीचा आहे, भारी फुशारकी मारणारा. मी त्याला फोन करून म्हटलं, बागेतल्या उतारावरून भरलेला टेम्पो काढायचाय, तुला जमणार नाही, दुसरा कोणी असेल तर सांग. रविवारी तो वेळेआधी हजर झाला.

आम्ही जयगडला पहिली फेरीबोट घेतली, हेदवीच्या गणपतीचं दर्शन परतीवर टाकलं आणि धोपाव्याहून दुसऱ्या बोटीने दाभोळला उतरलो. पहिल्या बोटीत मॅडमचा रंग उडाला होता. मावशींनी त्यांना आवळासुपारी दिली आणि हिरव्या टिकलीचा विषय काढून हसवत ठेवलं. चाचा दारात उभे होते, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. खाकीशिवाय मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते.

अंगठीचं तबक बाहेर आलं आणि नेमका चाचांचा फोन वाजला. बदली ड्रायव्हर बागेचा फाटा चुकला होता. चाचा रस्ता समजावत अंगणाकडे चालायला लागले. मुलगी मान वळवून बापाकडे बघत होती. मॅडम उठल्या आणि त्यांनी चाचांच्या हातातून फोन काढून घेतला.

"आज टेम्पो माझा. तुम्ही आत बसा."

पावसचे रस्ते मॅडमना अजून माहीत नव्हते. अंगणात उभ्या राहून त्या फोनवर अगदी ठाम आवाजात "डावीकडे" म्हणत होत्या, मी शेजारून "उजवीकडे, उजवीकडे" करत होते आणि मावशी दाराच्या चौकटीत उभ्या राहून आत काय चाललंय ते आम्हाला सांगत होत्या. अंगठी घातली, त्या म्हणाल्या. आता बाप मुलीला मिठाई भरवतोय.