हजारातलं एक पाकीट

आमच्या ऑफिसात त्याला सगळे डबलचेक म्हणायचे. कपाटाला कुलूप लावलं की दोनदा ओढून बघणार, ओळखीच्या माणसाला फोन लावतानाही नंबर दोनदा वाचणार. मी शेजारच्या खुर्चीत बसायचे आणि त्याची यथेच्छ टिंगल करायचे. त्याचे आईवडील लवकर गेलेले. थोरल्या बहिणीनेच त्याला वाढवलं, शिकवलं, आणि त्या धबडग्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. ती आमच्याच कंपनीच्या लांबच्या शाखेत फोनवर तक्रारी नोंदवायची.

एक दिवस साहेबांच्या डोक्यात आलं, कुठली शाखा किती काम करते ते पडद्यावर दिसायला हवं. म्हणजे प्रत्येक शाखेतल्या राउटरने, कोणत्या यंत्राने कोणाशी किती देवाणघेवाण केली, याच्या नोंदी मुख्य सर्व्हरकडे पाठवायच्या. डेटा छोट्या छोट्या पाकिटांतून जातो; ते पाकीट फोडायचं नाही, कुठून कुठे चाललंय तेवढं टिपायचं. आता यावरून माणसांचं काम मोजणं म्हणजे ताटांच्या खडखडाटावरून पोट भरलं का ते ठरवणं. पण साहेबांना सांगणार कोण?

डबलचेक शाखा-शाखा फिरला. राउटरना सर्व्हरचा पत्ता दिला, घड्याळं जुळवली, नोंदी येतात का ते अर्थातच दोनदा पाहिलं. ताईच्या शाखेतला राउटर म्हातारा. सगळं मोजायला लावलं की धापा टाकायचा आणि तिथलं काम अडायचं. म्हणून त्याला हजारातलं एकच पाकीट टिपायला सांगितलं. यात गैर काही नाही. आलेला आकडा सर्व्हरने हजाराने गुणला की झालं. नवे राउटर हे प्रमाण आपणहून कळवतात. या म्हाताऱ्याला ती अक्कल नव्हती, त्याचं प्रमाण सर्व्हरवर हाताने भरावं लागायचं. ते भरायचं राहिलं.

बैठकीत सगळ्या शाखांचे खांब पडद्यावर उभे राहिले. ताईच्या शाखेचा खांब जमिनीतून उगवलाच नव्हता.

"ही माणसं दिवसभर करतात काय?" साहेब म्हणाले, आणि शाखा बंद करायचं तिथल्या तिथे ठरलं.

डबलचेक जागेवर आला, सर्व्हर उघडला आणि पांढराफटक पडला. प्रमाण भरल्याबरोबर खांब वर आला, चांगला इतरांच्या बरोबरीने. तसाच तो साहेबांकडे धावला. मीही मागोमाग गेले.

"साहेब, चूक माझी होती. खरा आकडा हा आहे."

साहेबांनी आधी पडद्याकडे, मग त्याच्याकडे पाहिलं. "तुमची बहीण तिथेच ना?"

"हो, पण साहेब..."

"सकाळी काही नव्हतं आणि आता हजारपट? उद्या मी एक शून्य वाढवलं तर दहा हजारपट होईल."

मी मध्ये तोंड घातलं, ते तसंच असतं म्हणून समजावलं. पण साहेबांनी निर्णय वर कळवून टाकला होता. आता मागे फिरणं म्हणजे आपल्याच हाताने नाक कापून घेणं. माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. डबलचेक मात्र "बरं साहेब" म्हणाला. त्याचं ते 'बरं' मला अजून सहन होत नाही.

शाखा बंद झाली त्या दिवशी राउटर काढून आणायला त्यालाच पाठवलं. सोबतीला मी होते. टेबलं भिंतीला लावलेली, खुर्च्या एकावर एक रचलेल्या. ताई हेडफोनची वायर गुंडाळत होती. दिवसभर फोनवर बोलणाऱ्या माणसाचा बसतो तसा तिचा आवाज बसलेला होता.

"खरंच का रे आम्ही एवढंसंच काम करत होतो?" तिने विचारलं. "मला आपलं वाटायचं, मान वर करायला फुरसत नाही."

तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने सगळं सांगितलं. म्हातारा राउटर, हजारातलं एक पाकीट, भरायचा राहिलेला आकडा, साहेबांचं बोलणं. काही म्हणून लपवलं नाही.

ताईने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"लहानपणी कप माझ्या हातून फुटला तरी तू 'मी फोडला' म्हणायचास," ती म्हणाली. "असू दे रे. यंत्राने मोजलंय ते. त्याला थोडीच बहीण असते, खोटं बोलायला?"